कागदापुरतं दत्तक

१२ नोव्हेंबर २०१८

र्योसुके आज ऑफिसातून आला आणि बूट न काढताच दारातून म्हणाला, "मेक्सिको." मला वाटलं, टीव्हीवर मॅच आहे. मग त्याचा चेहरा पाहिला. त्याच्या कंपनीने तिकडे गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना काढलाय, तिथे त्याची तीन वर्षांसाठी बदली. बदलीला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. इचिनोसे नावाच्या एकाने नाही म्हणून पाहिलं, त्याला गोदामात टाकलंय आणि तो अजून तिथेच खोकी हलवतोय.

मी लगेच सांगून टाकलं की जायचं तर तिघांनी जायचं. बाप एका देशात आणि बायकामुलं दुसऱ्या, असे संसार त्या कंपनीत पैशाला पासरी आहेत. तसले बाप सुटीत घरी आले की मुलं त्यांच्याशी पाहुण्यांसारखी अदबीने बोलतात. मला ते नको. आमचा मुलगा इओरी एप्रिलमध्ये पहिलीत जाईल, तो तिकडच्या जपानी शाळेत जाईल. त्यालाही सांगितलं, तिघं म्हणजे तिघं. तिथे साप बघायला मिळतात का, एवढीच त्याची चौकशी होती. मिळतात म्हटलं. मिळत असतील कुठेतरी.

परदेशी निघालेल्या बाईने वही लिहावी असं मला वाटतं, म्हणून ही. माझी बहीण मिचिरुताई म्हणते, तुझ्या वह्या जानेवारीत जन्मतात आणि जानेवारीतच मरतात. म्हणूनच नोव्हेंबरात सुरू केली.

१८ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. एकाच शहरात, हामामात्सुतच राहतो, तरी हा रस्ता मला नेहमी लांब वाटतो. त्यांनी ऐकून घेतलं. पर्सिमनचं फळ सोलत होत्या, ते सोलून झालं, फोडी केल्या, पहिली इओरीला दिली. मग म्हणाल्या, "हिसाएसुद्धा तीनच वर्षांसाठी गेली होती."

हिसाए म्हणजे र्योसुकेची थोरली बहीण. नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिची मुलं आजीशी फोनवर हात हलवून बोलतात, कारण एकमेकांना कळेल अशी भाषाच उरलेली नाही. सासरे गेल्यापासून सासूबाई त्या एवढ्या घरात एकट्या. वाईट वाटलं मला. पण काय करणार, माझा काही कॅनडात राहायचा बेत नाही.

निघताना त्यांनी इओरीच्या दम्याचं विचारलं. तिकडे गाव उंचावर, हवा कोरडी, डॉक्टरला भाषा येणार नाही. त्यांचं खोटं नव्हतं. इथे आमच्या शहरात मुलांना दवाखाना जवळजवळ फुकट आहे. तिथे आधी खिशातून भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं.

१ डिसेंबर

कंपनीने बायकांना बोलावून माहिती दिली. दीड तास कर, शाळा आणि विमा. शेजारची बाई झोपली, मी मात्र सगळं ऐकलं. एक जानेवारीला तुमचं नाव ज्या गावात असेल त्या गावाला पुढच्या वर्षाचा कर जातो, म्हणून माणसं डिसेंबर संपायच्या आत विमानात बसतात. र्योसुके सव्वीसला जाणार. म्हणजे नवं वर्ष त्याच्याविना, पण कर वाचेल. मी आणि इओरी मार्चअखेर.

सासूबाईंनी सुचवलं की मधले तीन महिने भाड्याचं घर कशाला ठेवता, माझ्याकडे या. बेकरीतलं माझं अर्धवेळ काम फेब्रुवारीपर्यंत आहे, सकाळी इओरीला बघायला माणूस हवंच. हे त्यांनी स्वतः सुचवलं याचं मला बरं वाटलं. मी त्यांना उगाच कडक समजत होते.

९ डिसेंबर

आज सासूबाईंकडे त्यांचे करसल्लागार नागायासान आले होते. त्यांच्या दोन भाड्याच्या इमारती आणि पार्किंगची जमीन यांचं सगळं तेच बघतात. गोड बोलतात, चहाचं कौतुक करतात, बिस्किटं खिशात घालतात.

विषय असा की सासूबाईंच्या माघारी जमिनीवर बराच कर बसेल. नातवाला त्यांनी दत्तक घेतलं की तो त्यांचा वारस होतो, वारस वाढला की कर कमी होतो. आमच्या भागात जमीनजुमला असलेली घरं हे सर्रास करतात. पलीकडच्या मुरामात्सुंनी तर नातू रांगत असतानाच केलं. आपलाच नातू असला तर कोर्टाचीही परवानगी लागत नाही. आईबापांनी सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारायचे, दोन साक्षीदार, संपलं. आडनावही तेच राहतं.

मी विचारलं, "म्हणजे इओरी माझा मुलगा राहणार नाही?"

नागायासान एवढे हसले की चहा सांडला. म्हणाले, "अहो, कागदापुरतं दत्तक हे. रोजच्या जगण्यात काडीचाही फरक नाही. आई ती आईच."

शिवाय आणखी सोयी निघाल्या. इओरीचं नाव आजीच्या घरात राहील, म्हणजे सुटीत इथे आला की दवाखाना चालू, इथल्या शाळेत जागा चालू, परत आल्यावर पुन्हा खटपट नको. एका दगडात किती पक्षी. र्योसुकेने रिकामी किटली माझ्यापुढे सरकवली. मला म्हणाला, जरा चहा आण ना. मी आणायला गेले तेव्हा ते तिघं हळू बोलत होते. आले तर थंडीवर बोलणं चाललं होतं.

१६ डिसेंबर

शिक्के मारले. माझा उलटा पडला, आमचं सुगिउरा आडनाव डोक्यावर उभं. सासूबाई म्हणाल्या, चालतो उलटाही. र्योसुकेने त्याचा शिक्का शाईत इतका वेळ दाबून धरला की मी म्हटलं, अरे, पीठ मळतोयस का? तो हसला नाही.

मिचिरुताईला फोनवर सांगितलं. ती तोयोहाशीत असते, पोस्टात काम करते, आणि तिला प्रत्येक गोष्टीत काळं दिसतं. "तू वाचलंस का नीट?" म्हणाली. मी म्हटलं, ताई, कराचा कागद आहे, कादंबरी नाही.

२७ डिसेंबर

र्योसुके काल गेला. विमानतळावर इओरी रडला नाही, र्योसुके रडला. आज आम्ही सासूबाईंकडे सामान हलवलं. आम्हाला वरची खोली दिली होती, पण तिथल्या चटया जुन्या, धुळीने इओरीला खोकला येईल म्हणून त्याला त्यांनी खाली स्वतःच्या खोलीत घेतलं. मी वर एकटी. प्रशस्त आहे.

१४ जानेवारी २०१९

इओरीला पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे रोज सकाळी घंटी वाजवायचं काम मिळालंय. आज बेकरीला सुटी, तरी मी चुकून लवकर खाली आले तर सासूबाई त्याच्यामागे बसून सासऱ्यांच्या फोटोला सांगत होत्या, "घरात पुन्हा मुलगा आला हो." किती साधं बोलणं, पण मी उगाच तशीच पुन्हा वर गेले. झोप अपुरी झाली असणार. एरवी बेकरीत पाचला जावं लागतं.

१० फेब्रुवारी

पहिलीच्या मुलाच्या प्रत्येक वस्तूवर नाव लागतं. प्रत्येक म्हणजे गणिताच्या इवल्याशा काड्यांवरसुद्धा, एकेका काडीवर. मला वाटलं होतं इथल्या शाळेसाठी कशाला, आपण तर मार्चअखेर जाणार. सासूबाई म्हणाल्या, जागा धरून ठेवायची तर सगळं तयार असलेलं बरं. आणि सगळ्या काड्या त्यांनीच बसून केल्या, बारीक ब्रशने, एकसारखं अक्षर. मी एक करायला घेतली तर म्हणाल्या, "राहू दे शिहो, दोन हातांचं अक्षर वाईट दिसतं."

दप्तरही घेऊन ठेवलंय. दप्तर आजी-आजोबांनीच घ्यायचं असतं म्हणून मी काही बोलले नाही. ते सहा वर्षं टिकतं.

२४ फेब्रुवारी

इओरीचा खोकला पुन्हा. प्रतिबंधाचा पंप सकाळ-संध्याकाळ द्यायचा असतो. सकाळचा सासूबाई देतात, आणि आता संध्याकाळचाही त्याच देतात, कारण मी दमून झोपी जाते. त्यांना हे औषध आवडत नाही. एवढ्या लहान जिवाला रोज स्टेरॉइड, म्हणतात. र्योसुकेचा खोकला म्हणे मधात मुरवलेल्या मुळ्याने गेला होता. तोही देतात. देऊ देत, मुळ्याने कोण मेलंय.

आज नवा पंप आणायला गेले तर औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, मागचा अजून शिल्लक असेल ना? मी म्हटलं, संपला असणार. घरी येऊन पाहिलं तर पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा अर्ध्यावरही उतरला नव्हता. यंत्र बिघडलं असणार. एवढे पैसे घेतात आणि साधा आकडा नीट फिरत नाही. सासूबाईंना दाखवलं, त्याही म्हणाल्या, आजकाल काही धड बनवत नाहीत.

२१ मार्च

इओरीला अटॅक आला. ओठ निळे. फासळ्या आत ओढल्या जात होत्या आणि तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी करीन म्हणून. मी काहीच केलं नाही, मी नुसती त्याचं नाव घेत राहिले. सासूबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली, कपडे भरले, दम्याची वही घेतली, सगळं त्यांनी केलं. आता हॉस्पिटलात आहे, बरा आहे. आमचं विमान अठ्ठावीसचं.

२४ मार्च

डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत एवढ्या उंचावर न्यायचं नाही. तीन महिने खोकल्याशिवाय गेले की बघू. त्यांनी विचारलं, पंप नियमित होता ना? सासूबाईंनी हो म्हटलं, मीही म्हटलं.

माझा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो. त्याच्या आत मी तिकडे उतरले नाही तर पुन्हा पहिल्यापासून, आणि इओरीचा माझ्या व्हिसावर अवलंबून. र्योसुके म्हणाला, तू ये, इथलं रहिवासाचं कार्ड करून घे, जुलैत जाऊन त्याला घेऊन ये. सासूबाई म्हणाल्या, मी आहे ना. आणि खरंच त्या आहेत. त्या नसत्या तर त्या दिवशी काय झालं असतं, हा विचारसुद्धा मला करवत नाही.

इओरीला सांगितलं, फक्त उन्हाळ्यापर्यंत. त्याने विचारलं, "तिघं म्हणजे तिघं ना?" मी बोट गुंफून वचन दिलं.

५ एप्रिल

शाळेचा पहिला दिवस. दप्तर मुलापेक्षा मोठं. नाव पुकारल्यावर इओरी एवढ्याने "हजर" ओरडला की सगळे हसले. बाहेर पाटीपाशी फोटो काढला. आमच्या तिघांचा काढायला सांगणार होते, पण रांग मोठी होती. सासूबाई आणि इओरीचा झाला. मी काढला.

८ एप्रिल

वॉर्ड ऑफिसात जाऊन परदेशी जात असल्याची नोंद केली. विम्याचं कार्ड परत घेतलं, समोरच कोपरा कापला. समोरची मुलगी नम्रपणे म्हणाली, उद्यापासून आपण या शहराच्या रहिवासी नाही. मी म्हटलं, बरं झालं, करही नाही. बाहेर येऊन बराच वेळ सायकलचं कुलूप उघडेना, किल्लीच दुसरी लावत होते.

२ मे, मेक्सिको

इथे ऊन फार. जिना चढले तरी धाप लागते. र्योसुके सकाळी सहाला जातो, रात्री नऊला येतो, रविवारी गोल्फ. मी टोमॅटो विकत घ्यायला शिकले. इओरीसाठी खोली लावून ठेवली, पलंगावर सापाच्या चित्रांची चादर टाकली.

फोन रोज होतो. सासूबाई म्हणतात, खोकला एकदाही नाही. पंप न चुकता देतात, मला स्क्रीनवर दाखवलासुद्धा, आकडा अगदी बरोबर उतरलाय. म्हणजे तो जुना पंपच खराब होता. डॉक्टरांनी त्यांचं कौतुक केलं, अशी आजी हवी म्हणाले.

१६ जून

इओरी फोनवर कमी बोलतो. जेवलास का, जेवलो. शाळा, मजा. आज मी म्हटलं, आता महिन्याने मी येतेय, मग आपण तिघं. त्याने मागे वळून आजीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोहायच्या स्पर्धेत माझं नाव आहे."

र्योसुकेला सांगितलं तर म्हणाला, मुलं अशीच असतात. मी म्हटलं, मुलं कशी असतात ते तुला रे काय माहीत, तू तर रविवारीही दिसत नाहीस. भांडण झालं. चांगलं झालं. बरेच दिवस राहिलं होतं.

६ जुलै

सकाळी पोटात ढवळतं. इथली हवा, इथले राजमे. जपानहून इकडे परतायची तिकिटं काढली, तीस तारखेची, दोन जागा. एक माझी, एक इओरीची.

१७ जुलै, हामामात्सु

पोचले. दारात इओरी उभा होता. वाढलाय, उन्हाने काळा झालाय. मी धावत जाऊन कवटाळला. तो काठीसारखा ताठ उभा राहिला, मग हळूच मऊ झाला. श्वास स्वच्छ. तीन महिने एकदाही खोकला नाही, डॉक्टरांची अट पूर्ण. माझा आनंद मावेना.

मला पाहुण्यांचं अंथरूण घातलंय, पाहुण्यांच्या काड्या जेवायला. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या कुठे गेल्या शोधाव्या लागतील.

१९ जुलै

हे मला नीट लिहायचं आहे.

सुटी लागायच्या आत शाळेतून दाखला हवा म्हणून गेले. उपमुख्याध्यापक कामेयामासान सभ्य माणूस. जवाचा गार चहा दिला. मी म्हटलं, इओरी सुगिउराला मी महिनाअखेरीस परदेशी नेतेय, कागद द्या. त्यांनी फाइल उघडली, मिटली. म्हणाले, पालकांशी बोलून सांगतो.

"मीच पालक आहे. मी त्याची आई."

"हो, हो, जन्म दिलेली आई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, माझ्यासाठी. "पण कायद्याने त्याच्या आई म्हणजे आजी, तोशिए सुगिउरा. त्याच्याबद्दलचा निर्णय त्यांचा. त्यांना घेऊन या ना, दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, ते करापुरतं आहे. ते म्हणाले, असेल, पण शाळेला करातलं काही कळत नाही.

घरी आले. सासूबाई कलिंगड कापत होत्या. मी सांगितलं, हसत सांगायचा प्रयत्न केला, बघा काय गंमत. त्यांनी बिया काढल्या, फोड ताटलीत ठेवली.

"गंमत कसली? तूच तर शिक्का मारलास."

"पण नागायासान कागदापुरतं म्हणाले होते."

"मग कागदात काय लिहिलंय ते आता मोडायचं का?" आवाज अजिबात चढला नाही. "शिहो, त्याचा दमा बघ, त्याची शाळा बघ. इथे त्याचं सगळं आहे. तिकडे काय आहे? चादर."

चादरीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. र्योसुकेने सांगितलं असणार.

२० जुलै

र्योसुकेला फोन केला. त्याच्याकडे रात्र होती, तो झोपला नव्हता. मी विचारलं, दत्तक दिलं की मुलावरचा हक्क जातो हे तुला माहीत होतं का?

तो आधी तिकडे किती वाजलेत ते सांगत बसला. मग म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे."

मी विचारलं, कधी वाटलं? चहा आणायला पाठवलंस तेव्हा? तो म्हणाला, आईला कुणीतरी हवं होतं, हिसाएताईने तर पाठच फिरवली, आणि तीन वर्षांनी आपण येणारच आहोत ना. आत्ता वाद नको. मी फोन ठेवला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग माझा मला आला. मिचिरुताईने विचारलं होतं. मी कादंबरीचा विनोद केला होता.

इओरीचा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात आहे. किल्ली त्यांच्या गळ्यात.

२४ जुलै

ताईने मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे नेलं. उएमात्सु म्हणून, माझ्याहून लहान. दत्तक मोडायचं तर दत्तक घेणाऱ्याने हो म्हणायला हवं. नाही म्हटलं तर कोर्ट, आणि कोर्टाला कारण लागतं. त्यांनी एकेक विचारलं. आजी मारते का? नाही. उपाशी ठेवते? नाही. शाळा बुडवते? नाही. आजारपण? आजीकडे राहिल्यापासून दमा आटोक्यात, डॉक्टर तसं लिहून देतील. आणि तुमचा पत्ता?

मी म्हटलं, मेक्सिको.

"इथला?"

इथला नाही. इथला मी स्वतःच जाऊन काढून टाकला. मला बाहेर येऊन उलटी झाली. ताईने पाठ चोळली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाली, "शिहो, कधीपासून?" मी तारखा आठवल्या. मग आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. मला आनंद झाला नाही. भीती वाटली, अगदी लहानपणी विहिरीत डोकावल्यावर वाटायची तशी.

ताई म्हणते, विमानात बसू नकोस, माझ्याकडे ये, माझ्या पत्त्यावर नाव घाल, मग लढू. र्योसुके फोनवर म्हणतो, तू एकटी तरी परत ये. बाळाचं फक्त ताईला कळलंय. र्योसुकेला नाही सांगितलं. त्याला सांगितलं की पहिला फोन तो आईला करील.

२७ जुलै

आज उन्हाळ्यातला ईल मासा खायचा दिवस. सासूबाईंनी तळ्याकाठच्या दुकानातून खास आणला. इओरी दोन वाट्या भात जेवला. माझ्या नाकात तो सॉसचा करपट गोड वास शिरला आणि मी ताटली दूर सारली. पित्त झालंय म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग इओरीला म्हणाल्या, जा, तोंड धू, पंप घे. तो गेल्यावर त्यांनी माझ्यासमोरची ताटली उचलली.

"मी तुला सांगणारच होते, तू तरुण आहेस, तिकडे दुसरं होईल, हा इथे राहू दे. तर तेही झालंच."

मी नाही म्हटलं. त्या ऐकून घेतल्यासारखं हसल्या. खरंच मायेने हसल्या, तेच वाईट आहे. म्हणाल्या, "बाळंतपणाला इकडेच यायचं. तिकडच्या दवाखान्याचा काय भरवसा. आणि इओरीच्या वेळी तुला किती त्रास झाला होता. मी सगळं बघीन. तुला उठायलासुद्धा लावणार नाही."

वर येऊन बॅग भरली. मी एकटी जाणार. जाऊन बाळ तिकडेच जन्माला घालीन, यांच्यापासून लांब, आणि मग इओरीसाठी परत येईन. कोर्टात जाईन. असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

३० जुलै

इओरीची जागा रद्द केली. स्टेशनवर सोडायला दोघं आले. सासूबाईंनी प्रवासासाठी भाताचे गोळे करून दिले, आत उमे, म्हणजे खारवलेला आंबट आलुबुखार, अशा दिवसांत बरा वाटतो म्हणून. इओरीने आजीचा हात धरला होता. मी खाली बसून त्याला सांगितलं की आई लवकर येणार, कितीही दिवस लागले तरी येणार. त्याने मान डोलावली. माझ्या पोटाकडे पाहिलं.

"आई, बाळ झालं की तेही आमच्याकडे येणार ना?" तो म्हणाला. "आजीने सांगितलं. ते माझ्या आणि आजीच्या मध्ये झोपणार."

आमच्याकडे, म्हणाला.

बुलेट ट्रेन आली. दार उघडलं. मी बॅग उचलली, आणि पाय उचलेना. आत गेले तर हा मुलगा गेला, हे मला त्या दारात उभं राहून जितकं स्वच्छ दिसलं तितकं गेल्या नऊ महिन्यांत काहीच दिसलं नव्हतं. राहिले तर दुसरं यांच्या हाती. लोक बाजूने चढत होते. शिट्टी झाली, दार बंद झालं, गाडी गेली.

सासूबाईंनी विचारलं नाही, का नाही चढलीस. त्यांनी माझी बॅग उचलली.

"बरं झालं," म्हणाल्या. "चल घरी."

ताईकडे जायचं तर समोरचा फलाट होता. मी तिकडे पाहिलंही. इओरी आजीचा हात धरून जिन्याकडे चालू लागला, दोनतीन पायऱ्या उतरला, मागे वळून मला म्हणाला, चल ना. मी त्यांच्या मागून गेले.